जोडा, पडदा आणि साडेचारशे मुले : फार्मव्हिलच्या एका भाषणाचा प्रकरण अभ्यास

२३ एप्रिल १९५१ रोजी, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल या लहानशा गावी सोळा वर्षांच्या एका मुलीने आपल्या शाळेच्या सभागृहात साडेचारशेच्या आसपास विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. तिचे नाव बार्बरा रोझ जॉन्स. त्या भाषणाची लिखित प्रत नाही आणि ध्वनिमुद्रणही नाही. जे काही हाती आहे ते तिने स्वतः पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींतून आणि त्या दिवशी समोर बसलेल्यांच्या सांगण्यातून आलेले आहे, आणि ते सारे तपशिलात एकमेकांशी जुळतेच असेही नाही. तरीही शाळकरी वयातल्या जाहीर भाषणाचा अभ्यास करायचा झाला तर मी हेच प्रकरण आधी घेतो. ज्या भाषणाचे शब्दच उरलेले नाहीत, त्याच्या परिणामाचे श्रेय शब्दांना देऊन मोकळे होता येत नाही. मग ते भाषण कोणापुढे झाले, कोणाला बाहेर ठेवून झाले आणि संपल्यावर लगेच काय करायचे ठरले होते, याकडे वळावेच लागते.

शाळेची स्थिती

शाळेचे नाव रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेची धुरा सांभाळणारे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मोटन हे याच भागात वाढलेले, म्हणून हे नाव. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केलेल्या ‘वेगळे पण समान’ या तत्त्वानुसार व्हर्जिनियात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. वेगळेपण काटेकोरपणे पाळले जाई. समानतेची चौकशी कोणी करत नसे. मोटन शाळेची इमारत १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेली होती आणि १९५० च्या सुमारास तिथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, जेवणाची खोली नाही. सभागृहातच एका वेळी एकाहून अधिक वर्ग भरत आणि एखादा वर्ग उभ्या असलेल्या शाळेच्या बसमध्येही घेतला जाई. गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कुलात या सगळ्या सोयी होत्या.

गर्दीवर उपाय म्हणून काउंटीच्या, म्हणजे फार्मव्हिल ज्यात येते त्या प्रिन्स एडवर्ड या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, शाळा मंडळाने नवी इमारत न बांधता शाळेच्या आवारात तीन तात्पुरत्या शेड उभारल्या. लाकडी सांगाडा आणि त्यावर डांबर लावलेला जाड कागद, असे त्यांचे स्वरूप होते. पावसात छत गळे आणि मुले वर्गात छत्री उघडून बसत. थंडीत एक लोखंडी शेगडी पेटवलेली असे. तिच्याजवळ बसणाऱ्याला घाम फुटे आणि पलीकडच्या भिंतीशी बसणारा अंगावरचा कोट काढू शकत नसे. कोंबड्यांची खुराडी म्हणून या शेडची थट्टा होत असे. पालक-शिक्षक संघाने आणि मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांनी नव्या इमारतीसाठी शाळा मंडळाकडे वारंवार मागणी केली होती. मंडळात सगळे सदस्य गोरे. आश्वासन मिळे, तारीख मिळत नसे. कचेरीत अर्ज घेऊन फेऱ्या मारणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा वाटणार नाही.

बोलणारी मुलगी

बार्बराचा जन्म १९३५ चा, न्यूयॉर्कमधला. वाढली मात्र प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या शेतावर. आई नोकरीसाठी वॉशिंग्टनला असे आणि वडील शेतीत, त्यामुळे धाकट्या चार भावंडांना उठवून, आवरून शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे हे थोरल्या बहिणीचे रोजचे काम होते. काका व्हर्नन जॉन्स हे परखड बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेले धर्मोपदेशक. त्यांच्या घरची पुस्तके तिने वाचली होती. ती स्वतः अबोल म्हणूनच ओळखली जाई. गाण्याचा वृंद, नाट्यमंडळ आणि विद्यार्थी परिषद यांच्या निमित्ताने तिचे इतर शाळांत जाणे होई, आणि तिथल्या इमारती पाहून परतल्यावर आपले छत अधिकच गळके दिसे.

आपल्या संगीत शिक्षिका इनेझ डॅव्हेनपोर्ट यांच्याजवळ तिने शाळेच्या स्थितीबद्दल कुरकूर केली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की मग तू त्याबद्दल काही करत का नाहीस. हा प्रश्न तिला आधी टोलवाटोलवीचा वाटला आणि नंतर सुटेना. पुढे एके दिवशी भावंडांना घाईने टेकडीखाली नेताना स्वतःचा डबा घरी राहिला. तो आणायला ती मागे गेली आणि तेवढ्यात बस निघून गेली. रस्त्याकडेला कोणी गाडीत घेईल का याची वाट पाहत ती तासभर उभी होती. तेव्हा गोऱ्या मुलांची बस अर्धी रिकामी तिच्यासमोरून गेली. त्या बसला तिच्या शाळेवरूनच पुढे जायचे होते, पण तिला त्यात बसता येत नव्हते. काहीतरी करायचेच हे त्या क्षणी ठरले, असे तिने लिहून ठेवले आहे.

विषयाची निवड म्हणतात ती ही. आपल्याकडच्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत विषय आयोजक देतात, भाषण बहुतेक वेळा गुरुजी किंवा आईवडील लिहून देतात, आणि ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या ओळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत मूल पाठांतर म्हणून दाखवते. त्यातूनही चांगले वक्ते घडले आहेत हे मान्य करूनच मी म्हणतो की परीक्षकाच्या तक्त्यात उच्चार, हावभाव आणि वेळेचे भान यांना गुण असतात, डबा विसरल्याला नसतात.

सहा महिन्यांची तयारी

१९५० च्या शरद ऋतूत बार्बराने मोजक्या विश्वासू विद्यार्थ्यांना मैदानाच्या बाकांवर एकत्र बोलावले. त्यांत कॅरी आणि जॉन स्टोक्स ही जुळी भावंडे होती. कॅरी विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष होती. निवड करताना वर्गातल्या मित्रमैत्रिणींपेक्षा इतर मुले ज्यांचे ऐकतात ते कोण, हे पाहिले गेले. या मुलांनी आधी सरळ मार्ग धरला. पालकांच्या सभांना आणि शाळा मंडळाच्या बैठकांना ती जाऊन बसली, कोण काय बोलते आणि काय टाळते हे तिथे पाहिले, आणि मोठ्यांच्या मार्गाने इमारत मिळणार नाही या निष्कर्षावर आली. मग संपाची योजना आखली गेली. ती इतकी गुप्त ठेवली गेली की अणुबाँबच्या प्रकल्पावरून मुले तिला आपसांत ‘मॅनहॅटन प्रकल्प’ म्हणत, असे जॉन स्टोक्स यांनी पुढे सांगितले आहे. हिवाळाभर घरीही कोणी अवाक्षर काढले नाही. बार्बराची सख्खी धाकटी बहीण जोन त्याच शाळेत होती, रोज त्याच बसने येत होती, तिलाही काही कळले नाही.

या सहा महिन्यांना मी भाषणाचाच भाग मानतो. व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी बोलणारीला विरोधी बाजूचे म्हणणे त्यांच्याच बैठकीत ऐकून माहीत होते, समोरच्या गर्दीत जागोजागी आपली माणसे बसलेली होती, आणि ‘पुढे काय’ या प्रश्नाचे उत्तर फलकांवर रंगवून तयार होते.

अकरा वाजता

त्या सोमवारी मुख्याध्यापकांना आवाज बदलून केलेला एक फोन आला: तुमचे विद्यार्थी गावात बस स्थानकावर अडचणीत आहेत, पोलीस त्यांना पकडतील. जोन्स तातडीने गावाकडे निघाले. ते बाहेर पडताच वर्गावर्गांत चिठ्ठ्या गेल्या की सर्वांनी सभागृहात जमावे. चिठ्ठ्यांवर मुख्याध्यापकांच्या आद्याक्षराची नकली सही होती. विद्यार्थी आणि शिक्षक नेहमीप्रमाणे येऊन बसले. पडदा सरकला आणि मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा आणि तिचे सहकारी दिसले.

तिने पहिली मागणी शिक्षकांकडे केली: त्यांनी सभागृहाबाहेर जावे. काहींनी ऐकले नाही, एखाद-दोघे तर पुढे सरसावले. तेव्हा तिने पायातला जोडा काढून बाकावर आपटला आणि सगळ्यांना बाहेर जायला ठणकावून सांगितले. ज्यांनी हलायला नकार दिला त्यांना तिच्या सहकाऱ्यांनी दारापर्यंत नेले. एक अबोल मुलगी, एका पायात जोडा, दुसरा हातात, आणि समोर तिला रोज शिकवणारी माणसे. जोनने पुढे सांगितले आहे की बहिणीला तिथे पाहून ती इतकी हादरली की खुर्चीत जितके खाली सरकता येईल तितकी ती सरकली. तिच्या मनात त्या वेळी भाषणाचा विषय नव्हता, आता आपल्या घरचे काय होणार हा होता.

शिक्षकांना बाहेर काढणे उद्धटपणाचे वाटेल, पण त्या सकाळचा सर्वांत विचारपूर्वक निर्णय मला तो वाटतो. शिक्षकांच्या नेमणुका शाळा मंडळाच्या हाती होत्या. ते सभागृहात बसून राहिले असते तर एकतर त्यांना मुलांना थांबवावे लागले असते, नाहीतर न थांबवल्याचा जाब द्यावा लागला असता. त्यांना बाहेर पाठवल्याने त्यांच्यावरची ती पाळी टळली, निदान टळावी असा हेतू होता. दुसरे असे की आत उरलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी शाळा सोडून बाहेर पडायचे की नाही हे स्वतः ठरवता येत होते. मन वळवण्याचे भाषण ठरवू शकणाऱ्यांपुढेच करायचे असते. परवानगी देणारे किंवा नाकारणारे बाजूला बसलेले असले की ऐकणारे भाषणाऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.

आठवणींतून उरलेला मजकूर असा. गळकी शेड, शेगडी, गोऱ्या शाळेतून वापरून आलेली जुनी पुस्तके, जे सगळ्यांना ठाऊकच होते ते तिने पुन्हा मांडले. मोठ्यांनी मागून पाहिले आणि मिळाले नाही, तेव्हा आता आपण वर्गात बसायचे नाही, नव्या शाळेचे आश्वासन मिळेपर्यंत संप करायचा, असे तिने सांगितले. अटक होईल ही भीती कोणी बोलून दाखवण्याआधीच तिने ती उचलली: फार्मव्हिलचा तुरुंग इतका लहान आहे की आपण सगळे त्यात मावणारच नाही. या एका वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यात गावाच्या आकाराची माहिती आहे, किंचित विनोद आहे आणि सगळे मिळून बाहेर पडलो तरच हे वाक्य खरे ठरेल ही अटही आहे. वक्तृत्वाच्या वर्गात ज्याला दाखला म्हणतात तो इतक्या जवळून, सगळ्यांनी रोज पाहिलेल्या इमारतीतून घेतलेला क्वचित आढळतो.

मुख्याध्यापक परत आले तेव्हा सभा सुरूच होती. संप करू नका, असे केल्याने इमारतीच्या कामाला धक्का बसेल, अशी त्यांनी विनवणी केली. त्यांच्याशी वाद न घालता बार्बराने त्यांना आपल्या कार्यालयात परतण्याची विनंती केली आणि ते गेले. मुले बाहेर पडली आणि आधीच करून ठेवलेले फलक हाती घेऊन शाळेच्या आवारात उभी राहिली.

खोटा फोन आणि नकली सही यांचे काय, हा प्रश्न हे प्रकरण शिकवताना हमखास निघतो आणि तो निघायलाही हवा. माझे उत्तर असे की त्या शाळेत विद्यार्थ्याला सर्वांपुढे आपल्या मनातले बोलता येईल असा एकही रीतसर प्रसंग नव्हता. सभा भरवण्याचा अधिकार फक्त त्या एका आद्याक्षराला होता. मुलांनी ते चोरले हे खरे. ज्यांनी त्यांना दुसरी वाट ठेवली नाही, त्यांचा हिशोब मात्र चोरीबरोबरच मांडावा.

मागणी बदलते

त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी यांनी रिचमंडमधील वकील स्पॉट्सवुड रॉबिन्सन आणि ऑलिव्हर हिल यांच्या कार्यालयाला पत्र लिहून मदत मागितली. दोघे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे एनएएसीपीचे वकील होते. गावातल्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू एल. फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. २५ एप्रिलला वकील त्याच चर्चच्या तळघरात मुलांना भेटले. दुसऱ्या एका खटल्यासाठी पुढच्या गावी जाताना वाटेत थांबून मुलांना वर्गात परत जायला सांगावे, असा त्यांचा बेत होता. मुलांची शिस्त आणि तयारी पाहून तो बदलला. मात्र त्यांनी एक अट घातली: नव्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही, वेगळ्या शाळाच नकोत असा दावा करायचा असेल आणि त्याला पालकांची संमती असेल तरच आम्ही येऊ.

इथे प्रकरणाला वळण मिळते आणि ते गौरवाच्या कथनात बहुधा झाकले जाते. बार्बराने सभागृहात मागितली होती ती चांगली शाळा. या सगळ्यातून शाळांमधले वर्णविभाजन संपवण्याचा खटला उभा राहील हे आपल्या मनातही आले नव्हते, असे तिने नंतर सांगितले आहे. मुलांनी अट मान्य केली, पण सगळ्या मोठ्यांना ती पटली असे नाही. ३ मे रोजी चर्चमध्ये भरलेल्या मोठ्या सभेत शाळेचे एक माजी मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले की मी नव्या इमारतीच्या मागणीला पाठिंबा दिला होता, ही तर वेगळीच गोष्ट झाली. आक्षेप गैर नव्हता. सभा डळमळू लागली तेव्हा बार्बरा पुन्हा बोलायला उभी राहिली. गोऱ्या मालकांच्या आणि त्यांना दबून वागणाऱ्या आपल्याच माणसांच्या सांगण्यावरून मागे हटू नका, आम्ही तुमच्यावर विसंबून आहोत, असा त्या थोड्या वाक्यांचा आशय होता, आणि त्या माजी मुख्याध्यापकांचे नावही तिने त्यात घेतले. सभागृहात ती बरोबरीच्या मुलांशी बोलली होती. इथे आईवडिलांच्या वयाच्या माणसांना त्यांच्याच सभेत जाब विचारत होती. दुसऱ्या भाषणाची चर्चा पहिल्याइतकी होत नाही. मला ते अधिक अवघड वाटते.

७ मे रोजी मुले वर्गात परतली. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिस हिचे होते, म्हणून खटल्याला ‘डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी शाळा मंडळ’ असे नाव पडले. १९५२ मध्ये निकाल विरोधात गेला. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हा खटला कॅन्सस, साउथ कॅरोलिना आणि डेलावेअर येथील खटल्यांबरोबर एकत्र ऐकला आणि १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. एकत्र आलेल्या या खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकच.

किंमत

शाळेच्या आवारात क्रॉस जाळण्यात आला. ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची धमकी आहे हे अमेरिकेच्या दक्षिणेत सगळ्यांना कळत असे. मुलीच्या जिवाची काळजी वाटून घरच्यांनी बार्बराला अलाबामातील माँटगोमेरी येथे काका व्हर्नन यांच्याकडे पाठवले, आणि ज्या शाळेसाठी तिने संप केला तिथले शेवटचे वर्ष तिला मिळाले नाही. व्हर्नन जॉन्स तेव्हा तिथल्या डेक्स्टर अव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चमध्ये होते. त्यांच्यानंतर त्या जागी मार्टिन ल्यूथर किंग आले. मुख्याध्यापक जोन्स यांची नोकरी गेली. त्यांना फोन करून बाहेर काढण्यामागे त्यांना वाचवण्याचाही विचार असेल तर तो साधला नाही. १९५५ मध्ये जॉन्स कुटुंबाचे घर जळून खाक झाले.

नवी इमारत १९५३ मध्ये मिळाली, तीही केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी. खटल्याची धार बोथट करण्याचा तो प्रयत्न होता. पुढे एकत्र शाळा भरवण्याचा आदेश पाळण्याऐवजी प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे दूरगावी गेली आणि अनेकांचे शिक्षण कायमचे तुटले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या निकालानंतर शाळा पुन्हा उघडल्या. १९५१ मध्ये त्या सभागृहात असलेल्यांची धाकटी भावंडे या पाच वर्षांत सापडली. चांगल्या भाषणाचे फळ गोड असते असे सांगणाऱ्याने ही पाच वर्षे गाळू नयेत. तसेच या पाच वर्षांचा दोष सोळा वर्षांच्या मुलीच्या माथी मारण्याचे कारणही मला दिसत नाही. शाळांना कुलूप लावण्याचा निर्णय काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी घेतला होता.

बार्बरा पुढे अटलांटातील स्पेलमन महाविद्यालयात गेली, तिचे लग्न झाले, पाच मुले झाली. १९७९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाची पदवी घेऊन तिने फिलाडेल्फियातील शाळांत ग्रंथपालाचे काम केले. भाषणे करत ती देशभर हिंडली नाही. १९९१ मध्ये तिचे निधन झाले.

मोटन शाळेच्या इमारतीत आज संग्रहालय आहे आणि ते सभागृह, त्यातल्या रंगमंचासकट, पाहता येते. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. व्हर्जिनियाने तिथला आपल्या रॉबर्ट ली यांचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सेनापतीचा, पुतळा डिसेंबर २०२० मध्ये काढून घेतला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सची निवड केली. शिल्पकार स्टीव्हन वाइत्समन यांनी घडवलेल्या पुतळ्यात ती भाषणाच्या मेजाशेजारी उभी आहे आणि तिने हात उंच केलेला आहे. त्या हातात एक जुने, पाने विस्कटलेले पुस्तक आहे. जोड्याऐवजी पुस्तक का आले ते समजते. संसद भवनाला ते शोभतेही. तरी त्या सभागृहातल्या शिक्षकांनी पाहिला तो जोडाच होता.